पायांकडे बघणारे शेजारी

मुलीच्या नीटच्या क्लासबद्दल विचारायला शेजारच्या डॉक्टरांकडे गेलो आणि तोंडातून निघून गेलं, "दवाखाना चालला नाही, म्हणून संशोधन का?" ते हसले नाहीत. लातूरच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेल्यांचा रक्तदाब ते वर्षानुवर्षं मोजतात, कुणाच्या किडन्या गेल्या ते टिपतात. जिन्यात भेटले की तोंडाकडे न बघता पायांकडे बघतात. मला वाटायचं, चपला बघतात.

त्या दिवशी वाकून त्यांनी माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. सुजेत खळगा पडला, तो भरेना.

"लघवी तपासा. रक्तदाबही. उद्याच."

"पोरीची परीक्षा होऊ द्या की, सर."

"सगळं लातूर हेच म्हणायलंय," म्हणाले आणि दार उघडून उभे राहिले.

घरी सांगितलं. भाकरी थापता थापता बायको म्हणाली, "पोरगी होईल डॉक्टर. पण तिचा पहिला पेशंट व्हायला तुम्ही जिते ऱ्हायला पायजे."