गाऱ्हाण्याचं कार्ड

माझ्या धाकट्या दिराला कार्डं बनवता येत नाहीत. हे मी त्याच्या तोंडावर सांगते, तेव्हा इथे लिहायलाही हरकत नाही.

रविवारी मासे-भात झाला की सावंतवाडीच्या आमच्या घरात मी, नवरा, दीर आणि जाऊ एक विकतचा खेळ मांडतो. सुरुवातीला सगळ्यांकडे सारखीच फुटकळ कार्डं असतात. मधल्या ढिगातून बरी कार्डं विकत घेत ज्याने त्याने आपला कॅट तगडा करायचा. विकतची कार्डं पाठ झाली तशी आम्ही घरची बनवू लागलो. दिराने पहिलं केलं ते 'वेताळ': समोरच्यांची सगळी कार्डं ओढायची, आणि किंमत जवळजवळ फुकट. याला कार्ड म्हणत नाहीत, दरोडा म्हणतात. जावेच्या 'सोलकढी'ने कुणाचं भलं होईना की बुरं. तिच्या खऱ्या सोलकढीचंही तेच.

शेवटी मीच नियम केला: ज्याला समोरचा नाही म्हणू शकत नाही, ते कार्ड खेळाच्या डब्यात जाणार नाही. चतुर्थीला सगळं गणगोत खेळायला बसतं. तेव्हा डब्यात माझं कार्ड असावं आणि दिराचं नसावं, एवढंच मला हवं होतं.

माझं कार्ड 'गाऱ्हाणं'. ज्याच्या हाती येईल त्याने देवळात घालतात तसं मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं. त्यावर देवळातल्या जमावासारखं 'व्हय म्हाराजा' म्हणेल त्याला एक कार्ड, पण गाऱ्हाणं घालणाऱ्याला प्रत्येक होकारामागे दोन. अडलेला बोलेल, शहाणा गप्प बसेल. चारही हात एकटीनेच मनातल्या मनात खेळून मी त्याची किंमत ठरवली. या मंडळींची मदत घेऊन काय उजेड पडणार होता?

रविवारी ते पहिल्यांदा जावेच्या हाती लागलं. ती गाऱ्हाणं जेमतेम पुटपुटली, तरी नवरा आणि दीर एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणाले. नवऱ्याने तर हातही जोडले. स्वयंपाकघरातून सासूबाईही म्हणाल्या, त्या तर खेळतही नव्हत्या.

"अरे, तोटा होतो त्यात! गप्प बसायचं!" मी ओरडले.

"तोंडातसून आपसूक इला गो," नवरा म्हणाला.

दीर हसला. "वैनी, ह्याका नाय म्हणाक कोणाक जमाचा नाय. डब्यात नको."

"तुम्हा बिनडोकांना जमत नाही. आता तू घाल गाऱ्हाणं. मी गप्प बसले तर कार्ड डब्यात."

त्याने कार्ड घेतलं, उभा राहिला, डोळे मिटले. कार्डं बनवता येत नसली तरी गळा त्याला गावच्या गुरवाचा आहे.

"बा देवा म्हाराजा! आमच्या वैनीक आपल्या शानपणाचो जो काय गर्व झालो आसा, तो आज उतरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.