वाडीच्या फेरीत ब्लोअर उघडला तेव्हा

खाप्याहून निघालो तेव्हा कन्हान नदीचं धुकं गावात शिरलं होतं. पिकअपचा ब्लोअर बंद. ब्लोअर म्हणजे समोरच्या काचेवर हवा फेकणारा पंखा. तो चालला नाही की माणसाच्या श्वासानं काच आतून पांढरी होते. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फडकं, असा मी चाललो होतो.

मागच्या आठवड्यात अशाच धुक्यात गाडी रस्त्याखाली उतरली. कोणाला लागलं नाही. पण माझ्या पोरानं, गजाननानं, लगेच गिऱ्हाईक शोधलं.

"बाबा, रविवारी तो माणूस गाडी पाहाले येते. बस झालं आता तुमचं."

"बिघडला ब्लोअर, मी नाही," मी म्हटलं. "दुरुस्त करून आणतो. मंग पाहू कोण विकते ते."

बायको श्रावणात गेली. तेव्हापासून घरातले सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जसा मीच आजारी आहे. या गाडीत आम्ही दोघं संत्री, वांगी भरून बाजाराला जायचो. ती गेली म्हणून गाडीही द्यायची? का म्हणून?

सावनेर सोडलं आणि धुकं फाटलं. दोन्ही बाजूंना कापसाची, तुरीची वावरं (शेतं) दिसू लागली. पुढं कोळशाचे ट्रक, मग कोराडीच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या. तिथून शहरात न शिरता बाहेरच्या रस्त्यानं वाडीला आलो. वाडी म्हणजे गोदामं आणि ट्रकच ट्रक. हॉर्न ऐकून बहिरा माणूसही वैतागेल. एका ठेल्यावर (हातगाडीवर) पोहे घेतले. वरून तर्री (झणझणीत रस्सा) घालतात.

ठेलेवाल्या बाईनं विचारलं, "काका, तर्री कमी टाकू का? वय झालं तुमचं."

"टाक वं भरपूर. वय माह्यं झालं, जिभेचं नाही."

डोळ्यांतून पाणी आलं, पण सगळे संपवले.

विनोदचं दुकान गोदामांच्या मागं आहे. तो वायरिंगवाला, म्हणजे गाडीच्या विजेची कामं करतो. दारावर पंचशील झेंडा. त्यानं जय भीम घातला, मीही घातला. फ्यूज पाहिला, चांगला. मग म्हणाला, "काका, पंख्याचा स्पीड कमीजास्त करणारा रेझिस्टर गेला असंन. बदलून टाकतो."

"काहून बदलतो? डॅशबोर्डले बुक्का हाणला की चालते, मंग बंद पडते. मोटरच खराब हाय."

"तुम्ही मिस्त्री हाय का मी?"

"मिस्त्री तू हाय गा. पण बुक्के मी हाणून राहिलो ना!"

तो हसला. मोटरच्या वायरीला बल्ब लावून पाहिला. बल्ब पेटला. करंट येत होता, मोटर फिरत नव्हती. विनोदनं माझ्या खांद्यावर एक बुक्का हाणला. "घ्या, जिंकले."

मोटर डाव्या सीटपुढं, पाय ठेवतात तिथं वर असते. ती बायकोची जागा. विनोद म्हणाला सीट काढावी लागेल. मी म्हटलं, सीट निघणार नाही. मग तो पुटपुटत वाकडा होऊन आत शिरला, स्क्रू सोडले आणि मोटर पंख्यासकट खाली ओढली. त्याच्या छातीवर राखाडी कचरा पडला. पाहिलं तर झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या, तांदळाचे दाणे आणि कुंकवानं लाल झालेला उंदराचा खोपा.

"हे काय गा काका? मंदिर हाय का गाडी?"

दसऱ्याला बायको गाडीची पूजा करायची. हार वायपरपाशी, काचेखालच्या जाळीवर ठेवायची, त्यावर अक्षता. त्याच जाळीतून बाहेरची हवा ब्लोअरमध्ये जाते. वर्षानुवर्षं सगळं आत पडत गेलं. पंखा जड झाला, मोटरवर ताण आला, तिचे कारबन (आत वीज पोचवणारे छोटे ठोकळे) झिजले. यंदा पूजा झालीच नव्हती.

"दसऱ्याले आम्ही दीक्षाभूमीवर राहतो," विनोद म्हणाला. "आमच्या गाडीत फक्त धूळ निघते. काकूले सांगा, हार बंपरले बांधत जा."

"काकू नाही आता."

त्यानं पाकळ्या ओंजळीत गोळा केल्या. मग हळूच विचारलं, "हे फेकू का?"

"फेक. वाळली फुलं हायत. काकू काही त्यात बसून नाही."

असं म्हटलं आणि मी रस्त्यावरचे ट्रक पाहत उभा राहिलो. बराच वेळ पाहिले.

या मोटरचे कारबन मिळाले नाहीत. विनोदनं दुसऱ्या मोटरचे घेतले, कानशीनं घासून बसवले, पंखा धुतला. बसवताना मी त्याला म्हटलं, सरक, मला पाहू दे. आणि तिच्या जागी उताणा झोपलो. कोणता स्क्रू कुठं, प्लग कसा दाबून सुटतो, सगळं हातानं करून घेतलं. बटण फिरवलं. तोंडावर जोरात हवा आली, धुळीसकट.

संध्याकाळी घरी पोचलो. गजानन अंगणातच होता. त्याला आत बसवलं, काचेवर तोंडानं वाफ सोडायला लावली आणि ब्लोअर सुरू केला. काच कडेपासून साफ होत गेली.

"लाव फोन त्या माणसाले," मी म्हटलं. "सांग, रविवारी बुढा गाडी घेऊन बाजारात राहते."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि फोन लावला.

विनोदचं म्हणणं बरोबर आहे, हार बंपरला बांधावा. मी बांधणार नाही. पुढच्या दसऱ्याला हार वायपरपाशीच ठेवीन, अक्षताही टाकीन. काय पडायचं ते पडू दे आत. थंडीच्या तोंडावर सीटपुढं उताणा झोपून मीच ते काढीन. कसं काढतात ते मला येतं आता.