कोठीतला आवाज

आमच्या कार्टून स्टुडिओत त्यांना सगळे कोठीवाले म्हणायचे. प्रत्येकाचं चित्र, आवाज आणि त्यात केलेला एकूण एक बदल सांभाळून ठेवायचा, हे त्यांचं काम. माणूस कमालीचा काटेकोर आणि तितकाच डोकं खाणारा. फाईलला ‘शेवटची’, मग ‘खरंच शेवटची’ अशी नावं देणाऱ्यांची ते अशी काही खरडपट्टी काढत, की मी त्यांच्या खोलीवरून जायचंच टाळायचो.

जड फायली प्रत्येकाच्या मशीनवर उतरवत बसलं की काम रखडायचं. त्यावर त्यांनी एक पद्धत घालून दिली. मशीनवर फाईलच्या जागी त्याच नावाची नुसती चिठ्ठी राहील, तिच्यात फाईलची खूण आणि आकार एवढंच; खरा माल सर्व्हरवर. लागेल तेव्हा मागवायचा. त्यांना स्वतःला फायली उघडायची कधी वेळच येत नसे, म्हणून त्यांच्या मशीनवर फक्त चिठ्ठ्याच यायच्या.

त्यांची बायको, आमच्या वहिनी, तिथेच पात्रांना आवाज द्यायच्या. त्या आजारपणात गेल्या तेव्हा मुलगी जेमतेम बोलायला लागली होती. घरी फोटो ढीगभर, आवाज मात्र कुठेच नाही. स्टुडिओच्या कोठीत आहे की, असं कोठीवाले म्हणायचे. मुलगी मोठी झाली, आईचा आवाज आठवत नाही म्हणून हट्ट धरून बसली, आणि नेमका तेव्हाच स्टुडिओ बंद पडला.

सर्व्हर विकण्याआधी त्यांनी सगळं काम आपल्या मशीनवरून डिस्कवर घेतलं. एकेक नाव ताडून पाहिलं. कॉपी झटकन झाली, याचं त्यांना कौतुकच वाटलं.

मुलीनं आईचा आवाज ऐकायला मलाही बोलावलं होतं. फाईल वाजेना. कोठीवाल्यांनी ती उघडून पाहिली, तर आत चिठ्ठीच्याच दोन-तीन ओळी. दुसरी उघडली, तिसरी उघडली, सगळीकडे तेच. मी सर्व्हर घेणाऱ्याला फोन लावला. त्यानं तो केव्हाच पुसून कोरा केला होता. मला कोठीवाल्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांची कीवही आली.

मुलगी पडद्याजवळ वाकली. “बाबा, काय लिहिलंय यात?”

“फाईल केवढी होती, ते.”

“मोठी होती?”

“हो,” ते म्हणाले. “खूप बोलली होती ती.”