मावशीच्या साडीवर आईचं नाव

डिंडोलीत आमच्या गल्लीतल्या बायका घरी बसून साड्यांवर खडे चिकटवतात. गठ्ठा एकीच्या नावावर येतो आणि ओट्यावर चौघींत वाटला जातो. लहानपणापासून मी हेच बघत आले, आणि माझं पहिलं मोठं काम करताना नेमकं हेच विसरले. सॉफ्टवेअरमधली नोकरी लागली तेव्हा अक्कल गहाण ठेवली होती बहुतेक!

साडीवरचा कोड फोननं स्कॅन केला की ती कुणाच्या हातची आहे ते गिऱ्हाइकाला दिसावं, असं एका व्यापाऱ्याला हवं होतं. नोंदी ब्लॉकचेनवर, म्हणजे एकदा लिहिलं की पुसणं नाही. माझ्याकडे मिडलवेअर होतं: बायकांच्या फोनमधून आलेली माहिती तपासायची, नीट बांधायची आणि पुढे चेनवर पाठवायची. मधल्याचं काम. नीट चाललं तर कुणाला दिसत नाही, चुकलं की सगळ्यांना दिसतं. मी सोपा नियम घातला: ज्या फोनवरून गठ्ठा घेतला, त्या बाईचं नाव सगळ्या साड्यांवर.

पहिला गठ्ठा आईनंच घेतला. आठवड्यानं मी ऐटीत तिच्यासमोर एक साडी स्कॅन केली. तिचं नाव आलं. आई हसली नाही. तिनं खड्यांच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"हाई मी नही करी. शेजारनी मावशीना हातनं काम शे. मन्हं नाव कसाले? पुसी टाक."

"ते पुसता येत नही, माय."

"मंग मी तिले तोंड कसं दखाडू?"

मावशीच्या हातासारखी सफाई अख्ख्या गल्लीत कुणाच्या हाताला नाही, आणि ती मी कायमची आईच्या नावावर चढवली होती. मला खरंच लाज वाटली.

जुनी नोंद हलणार नव्हती, पण तिच्याखाली दुरुस्तीची नवी नोंद जोडता येत होती. ती जोडली. मिडलवेअरमध्ये एक थांबाही घातला. फोन आईचाच, पण त्यावर चौघींचे फोटो. जिनं साडी केली तिनं आपल्या फोटोवर बोट ठेवल्याशिवाय नोंद पुढे जायचीच नाही.

मग आई स्वतः मावशीला बोलावून घेऊन आली. फोनवर वर आईचं नाव, खाली दुरुस्ती आणि मावशीचं. मावशीनं आपलं नाव एकेक अक्षर लावून वाचलं, दोनदा वाचलं. आई मान खाली घालून उभी होती.

"वर तुन्हं बी ऱ्हाऊ दे," मावशी तिला म्हणाली. "गठ्ठा तं तूच लई उनी व्हती."

गठ्ठा आणणारी म्हणून वर राहिलेलं आईचं नाव पुसता येत नाही, याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.