मामांच्या गाडीचा कौल

११ मे १९९३. आदल्या दिवशीच्या लग्नाचे तांब्याचे हंडे मी चिंचेनं घासत बसले होते. रामनगर-जोयडा भागातल्या लग्नांचा स्वयंपाक हा माझा धंदा. हात कोपरापर्यंत काळे, आणि दारात मामा.

"अक्का, उठा. देवीला कौल लावायला जायचंय. बसा बसा, गाडी मोठी हाय!"

मामा कुणाचे सख्खे मामा होते ते मला आजवर कळलेलं नाही. गल्लीत त्यांना सगळेच मामा म्हणत, आणि "गाडी मोठी हाय" हे तेही सगळ्यांनाच म्हणत. घरात एकटे, मुलगा बेळगावला नोकरीला. गाडी म्हणजे जुनी स्टेशन वॅगन, पाठीमागं लांबलचक, बाजूंना लाकडी पट्ट्या. रंग विचारू नका. माझी पातेली, झारे, हाताखालच्या बायका, सगळं तिच्यात मावायचं. वाटेत कुणी हात केला तर तोही मावायचा. एकदा कॅसलरॉकच्या लग्नाला नवऱ्याची करवली माझ्या कढईत बसून आली होती. उतरली तेव्हा साडीला सुरकुती नव्हती.

हॉर्न केव्हाच गेला होता. अणशी घाटाच्या वळणांवर मामा ओरडायचे, "अक्का, वाजवा!" की मी उलथन्यानं परात बडवायची. एका वळणावर भला मोठा गवा रस्ता अडवून उभा. मी बडव बडव बडवली. तो नुसता बघतोय. मामांनी खिडकीतून डोकं काढून नमस्कार केला. "रावसाहेब, लगीनघरची माणसं हाईत. जरा सरा की." रावसाहेब सरले. परातीनं सरले की नमस्कारानं, यावर आमचं कधी एकमत झालं नाही.

पण सरळ सांगते, गाडी कामातून गेली होती. तळाला भोक, त्यावर माझाच जुना पोळपाट. "आमटी सांडली तर खाली तरी जाती," मामा म्हणायचे. खालून लाल धूळ वर यायची आणि माझ्या भातात बसायची, त्याचं काय?

म्हणून त्यांच्या मुलानं बेळगावहून नवीकोरी स्टेशन वॅगन आणली तेव्हा मला आनंदच झाला. बटण दाबलं की काच वर, आत गार हवा. आप्पांनी, म्हणजे मामांनी, आता ही चालवावी, जुनी काढून टाकावी, एवढंच त्याचं म्हणणं. जुनीला गिऱ्हाईकही आलं होतं. गोव्याचा एक हॉटेलवाला आपला ड्रायव्हर घेऊन रेल्वेनं येऊन बसला होता. त्याला पाहुणे फिरवायला असलीच जुनी गाडी हवी होती. मामांना हो म्हणवेना आणि मुलाला नाही म्हणवेना. आमच्याकडं असं अडलं की देवीला विचारतात.

म्हणून त्या दिवशी दोन्ही गाड्या देवळाकडं निघाल्या. जुनी विकायची की नाही हे ऐकायला सगळी गल्ली जुनीतच बसली, दोघं टपावर. नवीत मुलगा, हॉटेलवाला आणि मी. चपला हातात घ्यायच्या, सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, असा नियम. बसले. देवळापर्यंत पोटातलं पाणी हललं नाही.

गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर विकायची, डावी पडली तर ठेवायची. मामांनी हात जोडले आणि, देवीपुढं खोटं कसं बोलायचं म्हणून, गाडीचे सगळे दोष सांगायला लागले. "ब्रेक लागतो, पन सावकाश लागतो. दुसरा गिअर गुडघ्यानं धराया लागतो. पावसात आत छत्री लागती."

मागून एक म्हातारी कुजबुजली, "मामा, गप ऱ्हावा की! देवी ऐकतीया!"

उजवी पाकळी पडली.

"वाऱ्यानं पडली," मामा म्हणाले. दारं लावली. पुन्हा उजवी. "आई, जरा इचार करून सांग." पुन्हा उजवीच. गुरव खवळला. "मामा, देवी काय तुमची क्लीनर हाय व्हय? सारखं रिव्हर्स रिव्हर्स?"

एरवी आम्ही हसून पडलो असतो. पण मामा बाहेर पायरीवर जाऊन बसले होते आणि उजवी चप्पल डाव्या पायात घालत होते.

गल्लीत परतल्यावर हॉटेलवाल्याचा ड्रायव्हर जुनीत बसला. गाडी सुरू होईना. आम्ही ढकलून पाहिली. मामा लांबून बघत होते, शेवटी त्यांना राहवेना. बॉनेट उघडलं, आत कुठंतरी चपलेचा एक फटका हाणला. गाडी खोकली, लागली. ड्रायव्हरनं गिअर टाकला, बंद. पुन्हा फटका. पुन्हा लागली, पुन्हा बंद.

मामांचा चेहरा एकदम उजळला. "अक्का, देवीनं गाडी विकाया सांगितली. गाडीसंगं जाऊ नको असं म्हनाली काय?"

"न्हाई बा. तेवढं तुम्ही विचारलंच न्हाई."

"मग झालं की!" ते हॉटेलवाल्याकडं वळले. "ड्रायव्हर लागंल न्हवं तुमास्नी?" हॉटेलवाल्यानं गाडीकडं पाहिलं, चपलेकडं पाहिलं आणि मान डोलावली.

"आप्पा, ह्या वयात?" मुलगा कळवळला.

"तुजी गाडी झ्याक हाय, बाळा. पन तिला कुनीबी चालतंय. हिला मी लागतो."

पिशवीत दोन धोतरं कोंबून मामा स्टिअरिंगवर बसले. हॉटेलवाला गुडघे पोटाशी घेऊन मध्ये, त्याचा ड्रायव्हर कडेला. आम्ही सगळ्यांनी मिळून धक्का दिला. कोपऱ्यावर मामांचा हात खिडकीबाहेर आला. तो निरोपाचा होता की नुसती वळायची खूण, देव जाणे. रामनगरला ते पुन्हा राहायला आले नाहीत.

नवी गाडी दारात उभी राहिली. मुलाची रजा संपत आलेली, आणि मला रविवारी अणशीला लग्न. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला, स्टिअरिंगमागं जाऊन बसले आणि त्याला म्हटलं, "क्लच कुठला, ते दाखव."