कातळावरचे छप्पर

“चपला बदला, बाई. आपल्याला कातळावर जायचंय.” महाविद्यालयात रुजू झाले त्या दिवशी विभागप्रमुख हांडे सर मला एवढेच बोलले आणि डिंगोऱ्याच्या टेकडीवर घेऊन गेले. तिथे त्यांनी एक यंत्र बसवले होते. उपग्रहांचे संदेश घेऊन ते जमिनीची केसभर हालचालही टिपते. नेपाळ, जपान, इटलीतही अशी यंत्रे आहेत. सर्वांची मोजमापे एकत्र होतात, तेव्हा भूकंपाने भूकवच कुठे ताणले, कुठे खचले ते उमगते.

हे सहकार्य सरांनी आपला मान राखून केले. एका परदेशी गटाने शोधनिबंधात आमच्या विद्यार्थिनींची बोळवण नुसत्या आभारांवर करायचे ठरवले. सरांनी कळवले, “मोजणाऱ्या आमच्या आणि नाव तुमचे, असे चालणार नाही.” शोधनिबंधावर आंबेगावच्या दोन मुलींची नावे आली.

अशा माणसाच्या पंचाहत्तरीला आपण काय केले? सत्कार समितीने यंत्रावर पत्र्याचे छप्पर घातले! मी सदस्य असून मला विचारले नाही. कार्याध्यक्ष बबनभाऊंना मी जाब विचारला.

“मॅडम, सरांचं यंत्र उन्हातान्हात पडलेलं. लई वाईट वाटायचं.”

“अहो, त्याला उघडं आभाळ लागतं!”

“आभाळ काय पळून जातंय व्हय? कार्यक्रम होऊ द्या, मग काढू. वर सरांचा फोटोबी लावायचाय.”

मोजमापे बंद पडली. तिसऱ्याच दिवशी नेपाळच्या संशोधकांकडून विचारणा आली, ‘तुमच्याकडे सगळे सुखरूप ना?’ ज्यांची स्वतःची घरे भूकंपात पडली, ते आमची काळजी करत होते आणि आम्ही फोटोची चौकट निवडत होतो. मला लाज वाटली. समितीलाही वाटायला हवी.

सर चिडले नाहीत. बबनभाऊंना घरी बोलावून चहा दिला आणि म्हणाले, “पत्रा उतरेपर्यंत मी सत्काराला येणार नाही.”

“अवो सर, पत्रिका वाटल्यात!”

“मग लवकर उतरवा.”

दुसऱ्या दिवशी पत्रा उतरला. शिडी धरायला सर स्वतः उभे होते. पत्रा उतरवायला आलेले पोरगे उन्हात आहे म्हणून त्यांनी आपली टोपी त्याच्या डोक्यावर घातली. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही; म्हणून हे गौरवग्रंथातच लिहिते आहे. ज्याचा गौरव करायचा, त्याचे काम आधी समजून घ्यावे.

संध्याकाळी सरांनी नेपाळला दोनच शब्द कळवले, ‘आम्ही आहोत.’ सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि ते शब्द त्यांनी पुढची पुष्कळ वर्षे स्वतःच कळवावेत.