नाना जिथून सायकलवर चढत

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी माणिकपूरला रिक्षाच्या रांगेत उभी होते. नंबर नानांचाच होता, म्हणून मी उचलल्या उचलल्या सांगून टाकलं, "निघालेच नाना, आज कॉलेज उशिरा सुटलं." पलीकडून त्यांच्या भावजयीचा, काकूंचा आवाज आला. "सावकाश ये गं... आता घाई राहिली नाही." सकाळी वाडीत केळीला पाणी सोडताना नाना खाली बसले, ते उठलेच नाहीत. रांग पुढे सरकली, रिक्षावाल्याने कुठे म्हणून विचारलं, आणि मी नानांचं गिरीज म्हणायच्या ऐवजी आचोळे म्हणाले, माझ्या घरचा पत्ता. तिथे मी कोण म्हणून जाणार होते? नात्यातली नाही, गावातली नाही. त्या घरात नातेवाईक जमले असतील, आणि कुणी विचारलं असतं तर "मी त्यांना फ्रेंच वाचून दाखवते" हे उत्तर मला त्या वेळी फारच विचित्र वाटलं.

पण खरं उत्तर तेच होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील वसई पूर्वेला एका गाळ्यात मशीनवर काम करतात, आई घरी कपडे शिवते. दुसरी भाषा म्हणून मी फ्रेंच घेतलं, कारण त्यात मार्क चांगले पडतात असं कुणीतरी सांगितलं होतं. घरी पाहुणे आले की वडील कौतुकाने म्हणत, "बोलून दाखव ना," आणि मी स्वतःचं नाव सांगणारं एकच वाक्य म्हणून आत पळायची. नाना आमच्या मॅडमच्या ओळखीचे. पालिकेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, भावाच्या कुटुंबासोबत गिरीजच्या वाडीत राहणारे. त्यांची मुलगी मेघनाताई दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझला असते. तिने तिथल्या एका जुन्या कालव्याकाठच्या सायकलवाटेची पुस्तिका पाठवली होती आणि ती सगळी फ्रेंचमध्ये होती. मॅडमनी मला पाठवलं. मी पहिल्याच दिवशी नानांना सांगितलं की मला नीटसं येत नाही. ते म्हणाले, "मला तर अजिबात येत नाही. म्हणजे तू हुशार ठरलीस."

मग आठवड्यातून दोन-तीनदा मी त्यांच्या पडवीत बसून डिक्शनरी उघडून वाचायची. पूर्वी घोडे त्या कालव्यातल्या होड्या दोराने ओढत चालायचे, त्या घोड्यांची वाट आता सायकलींसाठी ठेवली आहे. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मध्ये मध्ये पाणी चढवण्या-उतरवण्याचे दरवाजे, मागे द्राक्षांचे मळे. पुढे एका ठिकाणी आगगाडीचा बंद पडलेला रस्ताही असाच सायकलींना दिलेला. गाडी नाही, हॉर्न नाही. नानांना हे सगळं ओळखीचं वाटे. कालवा म्हणजे आपला पाट, द्राक्षं म्हणजे पानवेली, असा त्यांचा हिशोब, आणि तो चुकतोय असं म्हटलं तर म्हणायचे, "तू गेली आहेस का तिकडे? मग?" मेघनाताईची मुलगी आठ वर्षांची. नातीबरोबर त्या वाटेवरून सायकल चालवायची, एवढंच त्यांना फ्रान्समध्ये करायचं होतं. मनोरा-बिनोरा बघायचा नव्हता.

पुस्तिकेत एक वाक्य सारखं यायचं. रस्ता ओलांडायचा असेल तिथे पाटी असते, "पिए आ तेर", म्हणजे पाय जमिनीवर, सायकलवरून उतरा. मला ते समजेना. पाय तर जमिनीवर टेकतातच ना, असं मी म्हणाले, आणि नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुला सायकल येत नाही?" मला कानापर्यंत गरम झालं. आमच्या चाळीत एकच सायकल होती, ती भावाची. एकोणीस वर्षांची मुलगी सायकलवरून पडताना कोण बघायला तयार होणार, म्हणून मी शिकायचं टाळत आले होते. नाना हसले नाहीत. पडवीत मेघनाताईची शाळेतली लेडीज सायकल पडून होती, ती त्यांनी पुसून बाहेर काढली. "दुपारी ये. दुपारी आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं."

ती गल्ली म्हणजे दोन वाड्यांच्या कुंपणांमधली वाट. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला नारळ आणि अधेमधे घरं. रिक्षा आत शिरत नाही. तिथली जुनी रीत अशी की समोरून डोक्यावर ओझं घेतलेलं माणूस आलं तर सायकलवाल्याने उतरायचं आणि कुंपणाला टेकून उभं राहायचं. नाना तर कुणासाठीही उतरत, टोपली असो वा नसो. फ्रान्समध्ये माणसांसाठी उतरत नाहीत, फक्त रस्ता आला की उतरतात, हे त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. "मी उतरणार," ते म्हणाले होते. "कळू दे त्यांना गिरीजचा माणूस आलाय."

आम्ही दुपारी शिकू लागलो. मी पाटात पडले, कुंपणात पडले, एकदा कुणाच्या तरी सुकत घातलेल्या मिरच्यांत पडले. गल्ली मात्र कायम रिकामी. मला वाटायचं, केवढं नशीब, कुणी पाहत नाही. एकीकडे नाना मला पुस्तिकेतून एक भलतीच गोष्ट पुन्हा पुन्हा शोधायला सांगत. वाटेवर बाक आहेत का? किती उंच? पुलाला कठडा आहे का? मी म्हणायची, "नाना, दमलात की गवतावर बसता येईल." ते म्हणायचे, "तू बाकाचं बघ."

मग एके दिवशी समोरून कुणाकडे तरी पाहुणी आलेली एक गरोदर बाई आली आणि नाना नेहमीसारखे उतरले. मी पुढे गेले होते. वळणावरून मागे पाहिलं तर ते सायकलवर चढायचा प्रयत्न करत होते. त्यांची सायकल जुनी, उंच दांड्याची. डावा पाय पेडलवर ठेवून उजवा मागून टाकायचा, तो पाय सीटच्या वर जातच नव्हता. दोनदा करून पाहिलं, मग कुंपण धरून उभे राहिले. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं.  ते सायकल ढकलत मोरीच्या, म्हणजे पाटावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यापर्यंत आले, कठड्यावर पाय ठेवून चढले, आणि मला सगळा उलगडा झाला. ते ज्या ज्या ठिकाणी 'जरा थांबू' म्हणत, तिथे प्रत्येक ठिकाणी पाय ठेवायला काहीतरी उंच होतं. घरी परतल्यावर म्हणाले, "नातीसमोर असं लोंबकळू का? तिला वाटेल, आजोबा सायकलवाले म्हणून सांगत होते... कुणाला बोलू नकोस." लेडीज सायकल समोर उभी होती. तिच्यावर ते सहज चढले असते. पण तसं सुचवायची माझी हिंमत झाली नाही, आणि त्यांनी ते ऐकलंही नसतं. मी न पडता सायकल चालवू लागेपर्यंत त्यांनी दोनदा फ्रान्सचं जाणं पुढे ढकललं. एकदा गुडघ्याचं कारण सांगून, एकदा केळीचे घड उतरवायचे आहेत म्हणून.

तेराव्यानंतर मेघनाताईने मला बोलावून घेतलं. ती एकटीच आली होती. पडवीत तिने ती पुस्तिका माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "व्हिसा झाला होता. तब्येत बरी होती. तुला तरी ते काही बोलले असतील. माझं लग्न बाबांना पटलं नव्हतं, म्हणून ते आले नाहीत ना?" तिचा नवरा तिकडचा. लग्नात नाना हसतमुख होते, पण मनातून नव्हते असं ती इतके दिवस धरून बसली होती. मला काय करावं ते कळेना. गप्प राहिले असते तर नानांची लाज झाकली गेली असती आणि मेघनाताई आयुष्यभर तेच समजत राहिली असती. सांगितलं तर, त्यांनी माझ्याजवळ जी एकच गोष्ट ठेवायला दिली होती, ती मी उघडी करणार. मी आधी स्वतःचं सांगितलं. मिरच्यांत पडल्याचं, पाटात पडल्याचं. मग हळूहळू कठड्याचं.

तिने पुस्तिका परत स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाली, "एवढंच? अगं, तिकडे सगळे म्हातारे बिनदांड्याची सायकल चालवतात. बाकावर पाय ठेवून चढतात. कुणी बघतसुद्धा नाही." आणि रडायला लागली. मला वाटलं, आपण सांगायला नको होतं. लगेच वाटलं, आपण हे नाना असतानाच तिला सांगायला हवं होतं. दोन्ही एकदम वाटत होतं.

तिला त्या जागा पाहायच्या होत्या. नानांची सायकल हातात धरून आम्ही दोघी गल्लीत गेलो. दुपार होती, नेहमीसारखी सामसूम. मी मोरीचा कठडा दाखवला. पुढच्या वळणावर कुंपणाशी एक चौकोनी दगड आहे, तो दाखवला. मेघनाताई दगडावर चढून सायकलवर बसली आणि तशीच बसून राहिली. समोरचं दार उघडलं आणि गोदूआजी बाहेर आल्या. त्या रोज सकाळी बाजारात भाजी घेऊन जातात, नानांनी पूर्वी सगळ्यात जास्त वेळा उतरून वाट दिली असेल ती त्यांनाच.

"मेघना ना गं तू? बस, बस. तुझ्या बापासाठीच टाकलाय तो दगड."

मेघनाताईने विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"नाय. त्याला वाटायचं पडलेला दगड आहे. आम्ही वाटू दिलं." मग त्यांनी सगळं सांगितलं. आपल्याला पाहून नाना उतरतात आणि मग त्यांना चढता येत नाही, हे गल्लीतल्या प्रत्येक घराला माहीत होतं. उतरू नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं असतं. म्हणून त्यांची सायकल निघायच्या वेळी कुणी बाहेरच यायचं नाही, असं ठरून गेलं होतं. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "मग ही आली पडायला. माझी सून म्हणाली, कॉलेजची पोरगी आहे, आपण बघितलं तर परत यायची नाय. मग दारंच लोटून घ्यायचो. मिरच्या माझ्याच होत्या. दाराआड हसून पोट दुखलं आमचं."

मेघनाताई रडता रडता हसली. मला मान वर करता येईना. इतके महिने मी त्या वाटेला निवांत समजत होते. ती निवांत नव्हती, माणसं आपापल्या घरात आमच्यासाठी बसून राहिली होती. त्यांची दुपारची कामं, अंगणात टेकून दोन गोष्टी बोलणं, सगळं आम्ही अडवून ठेवलं होतं आणि वर आम्हाला वाटत होतं की आम्हीच त्यांना वाट देतो आहोत. नानांना हे कळलं असतं तर ते कदाचित पुन्हा सायकलला हात लावायला धजले नसते. की आता लपवायला काही उरलंच नाही म्हणून फ्रान्सला गेले असते? मला सांगता येत नाही.

हे लिहू का म्हणून मी मेघनाताईला विचारलं. "नावगाव न लपवता लिही," ती म्हणाली. जाताना तिची सायकल ती मला देऊन गेली. आता मी गिरीजला संध्याकाळी जाते, सगळी अंगणात असतात तेव्हा. लाज वाटतेच. परवा समोरून गोदूआजी आल्या म्हणून उतरायला गेले आणि तोल जाऊन त्यांच्याच दारात पडले. त्यांची सून मोठ्याने हसली, दोन घरांतून माणसं बाहेर आली. कुणी दार लोटून घेतलं नाही. मी उठून ओढणी झटकली, सायकल दगडापाशी नेली आणि सगळ्यांदेखत त्यावर पाय ठेवून चढले.